नागम्माक्काचा आग्रह

रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. आधी राग आला, रडू नंतर. रक्तातला जो आकडा खाली यायला हवा होता तो वर गेला होता, आणि डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "दिपाली, गहू कुठून तरी पोटात जातोय. आठवून बघ."

आठवून बघ म्हणे! मैत्रिणीच्या लग्नात मी नुसतं पाणी पिऊन आले होते. कारखान्यात कुणाचा वाढदिवस असला की केक कापायच्या वेळी मी मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहायचे, कारण "एवढासा तुकडा घे गं" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एवढं करून वर हा आकडा.

मला सिलिॲक आहे. म्हणजे गहू पोटात गेला की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उठतं. कणीक, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं त्यातच आलं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गव्हाला जन्मभर शिवायचं नाही, कणभरसुद्धा नाही, एवढंच औषध. हे कळायच्या आधीची दोन वर्षं मला आठवायचीही इच्छा नाही. केस मुठीनं गळायचे, अंगात रक्त नव्हतं, एक जिना चढला तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. तेव्हा आई प्रेमानं तुपातला शिरा करून घालायची आणि मी आणखी आजारी पडायचे.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे वडील, सिद्धाप्पा. सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला, पण लेकीच्या रिपोर्टमधला तो इंग्रजी आकडा त्यांना तोंडपाठ असतो.

"उतरला का गं?"

"न्हाय, तात्या. चढलाय."

त्यांनी नवा आकडा विचारून घेतला. मग म्हणाले, "लई झालं दिपे. दिवाळी झाल्यावर आनी एकदा तपास. तवाबी उतरला न्हाय तर गुमान घरला यायचं. हितं तुजी आई भाकरी करून घालंल. नोकरी काय जीवापरास मोठी हाय व्हय?"

मी हो म्हटलं. तात्यांशी वाद घालून उपयोग नसतो, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकतही नव्हतं. पण आमच्या घरात कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरणारी मी पहिलीच. ते गळ्यातून काढायची माझी अजिबात तयारी नव्हती.

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे. मशीनवरून आलेला प्रत्येक टॉवेल उजेडात धरायचा आणि खोट शोधायची. सुटलेला धागा, लवेतला तुटलेला फासा, तेलाचा डाग. दिवसभर खोट काढायचीच सवय, त्यामुळं माणसांतही आधी तीच दिसते, असं माझ्याबरोबरच्या मुली म्हणतात. म्हणू देत. मी ठरवलं की ही खोटही शोधायची. गहू माझ्या ताटात कुठून येतो ते सापडल्याशिवाय मी सांगोल्याची एसटी धरणार नव्हते.

तसं शोधायला ठिकाण एकच होतं. जुळे सोलापुरात मी ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहते, त्यांची अट अशी की खोलीत गॅस नको, शेगडी नको, काहीच नको. एकदा मी चोरून विजेवरचं भाताचं भांडं आणलं, तर त्यांनी ते स्वतःच्या कपाटात कुलपात घालून ठेवलं. म्हणजे दोन्ही वेळेला बाहेर जेवणं आलं.

बाहेर जेवणं म्हणजे काय दिव्य असतं ते मला विचारा. पहिल्या हॉटेलात मी वेटरला नीट समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, यात गहू नाही, मैदा आहे." मैदा काय बाभळीला लागतो? दुसऱ्या ठिकाणी मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, आपलं शंभर टक्के शुद्ध शाकाहारी." तिसरीकडं "जैन करून देऊ का?" चौथीकडं उपवास समजून साबुदाणा वडा आणला, आणि तो तळला होता त्या कढईत समोसे डुलत होते. वर सगळ्यांचं एक पालुपद: "तुम्ही ज्वारीच्या मुलखातल्या, तुम्हाला काय काळजी? भाकरी खा की!" पण त्या भाकरीचा तवा चपातीचा, परात कणकेची आणि थापणाऱ्या हाताला पुऱ्यांचं पीठ, हे कुणाच्या गावी नसायचं.

मग प्रभुलिंग अण्णांची खानावळ सापडली. अण्णा मूळचे दुधनीचे, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. माझं सगळं बोलणं त्यांनी गल्ल्यावर बसून शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "म्हणजे तुझं सगळं वेगळं पायजे, असंच की?"

"व्हय अण्णा. तवा, परात, पिठाचा डबा, सगळं."

"मग आण की. ठेवू वेगळं."

मी नवा लोखंडी तवा आणला, परात आणली, पिठाला आणि भाकरीला झाकणाचे दोन डबे आणले. त्यांवर लाल रंगानं माझं नाव घातलं. सकाळी कणकेला हात लागायच्या आधी माझ्या भाकरी थापायच्या आणि त्यांच्या डब्यात बंद करायच्या, असं ठरलं. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणून माझं वरण फोडणीआधीच काढून ठेवायचं ठरलं. हे सगळं सांभाळायच्या अण्णांच्या मोठ्या बहीण, नागम्माक्का. नवरा गेल्यापासून त्या भावाकडं असायच्या आणि खानावळीचा सगळा स्वयंपाक त्यांच्या हाती होता.

अक्का म्हणजे प्रेमाचा डोंगर, आणि आग्रहाचाही. त्यांच्या पंगतीत हात आडवा करून कुणाची सुटका होत नसे. "नको" म्हटलं की एक भाकरी, "खरंच नको" म्हटलं की दोन. मला त्या कानडीत "तंगी" म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मी जेवायला बसले की समोर येऊन उभ्या राहायच्या आणि जेव म्हणून मागं लागायच्या. "ऊट माड, तंगी, पोटभर ऊट माड. काय गं ही हाडं!" माझ्या भाकरी कडक तर नसायच्याच, पण इतक्या मऊ असायच्या की आईला फोनवर सांगताना मी अक्कांच्या हाताचं कौतुक करायचे.

तर रिपोर्ट आल्यावर पहिल्या सुट्टीला मी खानावळीत गेले आणि अण्णांना कागद दाखवला. ते एकदम तापले. "म्हणजे आमच्यामुळं? आगं, तुझ्या तव्याला मी सोत्ता हात लावू देत न्हाय कुणाला!"

"मग गिरणीत बघूया," मी म्हटलं.

अण्णा कुरकुरत स्कूटरवर घेऊन गेले. गिरणीवाल्यानं दोन चक्क्या दाखवल्या, एक गव्हाची, एक ज्वारीची. आमचं दळण तो ज्वारीच्या चक्कीवरही चार जणांची ज्वारी झाल्यावरच घालायचा. मी वाकून, हात घालून, बोटं चाटायची तेवढी बाकी ठेवून सगळं तपासलं. पीठ चोख होतं. परत येऊन मी मीठ बघितलं, चटणी बघितली, शेंगा भाजायची कढई बघितली. कुठंच काही नाही. अण्णांचा चेहरा आता असा झाला होता की मला दारातच "चल निघ" म्हणतील.

"एकदाच," मी म्हटलं, "उद्या सकाळी मी चुलीपाशी बसते. माझ्या भाकरी थापताना बघते. मग तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी गेले. अक्कांना आनंद झाला. मला पाट दिला, चहा दिला. माझी परात धुऊन घेतली, माझा डबा उघडला, ज्वारीचं पीठ काढलं. सगळं कसं सांगितलं होतं तस्सं. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. तेवढ्यात अक्का उठल्या, कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपाचं झाकण सरकवलं, मूठभर काहीतरी घेतलं आणि माझ्या परातीत सोडलं. लपवून नाही, घाईनं नाही. लेकराच्या दुधात साखर घालावी तसं.

"अक्का, हे काय?"

"कणीक."

"कणीक?"

"तुझ्यासाठनं म्हणून घालते, रोज. दुसऱ्या कुणाला न्हाय हां." आणि त्या हसल्या.

मी उभी राहिले. "अक्का, मला गहू चालत नाही म्हणून सांगितलं होतं ना! पहिल्या दिवशी सांगितलं होतं!"

"सांगितलंस की. आगं, नको म्हणणारा नकोच म्हणतो. म्हणून काय खरंच द्यायचं न्हाय व्हय?"

आमच्याकडं हे असंच आहे. पाहुणा नको म्हणणार, आपण वाढणार, तो पुन्हा नको म्हणणार, आपण पुन्हा वाढणार. खरं नको आणि लाजेचं नको यात कुणी फरकच ठेवलेला नाही. त्यात मी टँकरच्या गावची, धनगराची पोर, हाडकुळी. रोज तीच ज्वारी मागून घेणारी. अक्कांनी आपल्या मनाशी ठरवलं होतं की पोरीला गव्हाची सवय नाही, मागायला लाजते, आणि आजाराचं नाव पुढं करते. दुधनीकडं त्यांच्या लहानपणी ज्वारी रोजची, आणि गहू सणाला नाहीतर पाहुण्याला. मग ज्या पोरीवर जीव आहे तिला नुसती ज्वारी कशी घालायची?

पण हे सगळं मला नंतर समजलं. त्या सकाळी मी ओरडले. खूप ओरडले. "तुम्ही मला रोज आजारी पाडत होता! माझी नोकरी जाणार आहे तुमच्या या मुठीपायी!" बाहेर पोह्याला आलेली माणसं वळून बघायला लागली. अक्कांच्या हाताला लागलेली कणीक तशीच राहिली. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी काय इख घातलं का गं तुला?"

मी "हो" म्हटलं. खरंच म्हटलं. आणि निघून गेले.

दोन दिवस मी केळी, शेंगदाणे आणि दह्यावर काढले. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला कारखान्याच्या फाटकावर गाठलं. "अक्का चुलीपुढं येईना झालीया," ते म्हणाले. "माझ्या हातानं आता कुणाला वाढणार न्हाय म्हणतीया. दिपाली, तुझं बरोबर हाय. पण तू दुसरीकडं बघ की. मला बहिणीला सांभाळाय पायजे."

दुसरीकडं! मैद्याला गहू न म्हणणाऱ्यांकडं? मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मी दुसरीकडं जाणार नाही. अक्कांना भेटते."

खानावळीच्या मागच्या खोलीत अक्का भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी आत गेले तरी वळल्या नाहीत. मी डॉक्टरांचा कागद नेला नव्हता, कागदानं त्यांच्या डोक्यात काही शिरणार नव्हतं. मी माझा जुना फोटो नेला होता, आजार कळायच्या आधीचा. त्यात मी एवढीशी दिसते, डोक्यावर टक्कल पडलेलं.

त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ही तूच व्हय?"

"मीच. तेव्हा आई मला रोज तूप घालून शिरा खाऊ घालायची. मला बरं वाटावं म्हणून. मी जेवढं खायचे तेवढी वाळायचे. आईचा पण जीव होता माझ्यावर, अक्का, तुमच्यासारखाच."

अक्कांनी हातातला फोटो सोडला नाही.

"मला राग आला म्हणून मी वाईट बोलले," मी म्हटलं. "पण राग अजून आहे. मला दुसरीकडं जेवता येत नाही. तुम्ही वाढलं तर मी हितं ऱ्हाणार, न्हाय तर सांगोल्याला जाणार. आता तुमीच सांगा."

"मला कसंतरी होतंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझं लेकरू असतंस तर रोज नुसती ज्वारी घातली असती का मी?"

"तुमी लहानपणी घरात रोज काय खायचा?"

"ज्वारीच की."

"आनी गहू?"

"पाव्हणं आलं की."

"मग मला पाव्हणी करू नका, अक्का. घरची करा."

त्या माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि चुलीकडं गेल्या. माझा तवा त्यांनी राखेनं घासायला घेतला. बराच वेळ घासत होत्या. मी परात घासायला बसले.

त्या दिवसापासून अक्का बदलल्या असं म्हणणं खोटं होईल. आग्रह त्यांच्या रक्तातच होता. मी "नको" म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढं यायचा आणि मध्येच थांबायचा. मग त्या विचारायच्या, "लाजेचं नको का खरं नको?" मी म्हणायचे, "खरं नको." मग त्या उसासा टाकून शेजारच्या माणसाच्या ताटात दोन वाढायच्या, त्या बिचाऱ्याचं खरं असो वा लाजेचं. माझ्या डब्याचं पीठ संपत आलं की स्वतः गिरणीत जाऊन उभ्या राहायच्या आणि गिरणीवाल्याला असं पिळून काढायच्या की तो मला बघून हात जोडायला लागला.

तरी मला धाकधूक होतीच. अक्का विसरल्या तर? घरातल्या एखाद्या बारशाच्या आनंदात हात कणकेचा राहिला तर? माणूस एकदा चुकला की दुसऱ्यांदा चुकायला किती वेळ लागतो? मी रोज भाकरी उजेडात धरून बघायचे, टॉवेल बघते तशी. अक्कांना ते दिसायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी बघायचं सोडलं नाही.

दिवाळी झाली. रक्त देऊन झालं. रिपोर्ट यायचा होता, तोवर एक दिवस असा आला की कारखान्यात परदेशात माल पाठवायची गडबड होती आणि मला सकाळपासून पाणी प्यायलाही सवड झाली नाही. दुपार कलल्यावर मी खानावळीत पोचले. वास आला आणि भूक आणखीच खवळली. खानावळीत कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पुऱ्यांची मोठी ऑर्डर होती. परातीच्या पराती भरल्या होत्या, बाया लाटत होत्या, आणि सगळीकडं पिठाचा पांढरा धुरळा बसला होता.

मी माझ्या जागेवर बसले. अक्का आल्या. हातात ताट नव्हतं.

"तंगी, आज तुला जेवण न्हाय."

"म्हणजे?"

"तुझ्या भाकरीच्या डब्याचं झाकण उघडं ऱ्हायलं. कुणी उघडलं म्हाईत न्हाय. माझी पाठ होती. भाकरीवर कणीक उडाली का न्हाय, मी डोळ्यानं बघितलं न्हाय. तवा, परात, समद्यावर धुरळा हाय. आज जा."

मी जेवायला इतकी आसुसले होते की माझ्याच तोंडून निघालं, "वरची भाकरी काढून खालची द्या की, अक्का. खालीपर्यंत थोडंच गेलं असेल?"

गल्ल्यावरून अण्णांनीही री ओढली. "अक्का, पोरगी दमून आलीया. वरची दोन काढ, खालची चांगलीच असणार की."

नागम्माक्का फिरल्या. इतकं मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "चांगली असणार म्हंजे? तू बघितलास? न्हाय ना? मग गप बस! माझ्या हातनं तिला आज एक घास मिळणार न्हाय!" आणि मग माझ्याकडं वळून, डोळ्यांत पाणी, आवाज तस्साच चढलेला: "आनी तू गं? तूच अशी म्हणाय लागलीस तर मी काय करू? ऊठ. उपाशी जा. ऊठ म्हंते ना!"

ज्या बाईच्या पंगतीतून आजवर कुणी अर्धपोटी उठलं नव्हतं, तिनं माझा दंड धरून मला उठवलं, दारापर्यंत आणलं आणि बाहेर काढलं. मी रस्त्यावर उभी राहिले. पोटात आगडोंब उसळला होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की शेजारचा रिक्षावाला विचारायला लागला, "ताई, काय झालं? हसताय का रडताय?"

तेवढ्यात फोन वाजला. तात्या होते.

"जेवलीस का, दिपे?"

"न्हाय, तात्या. अक्कांनी दिलं न्हाय. उपाशी हाकललं मला."

"आँ? आनी रिपोर्ट?"

"तो यायचाय अजून. येऊ द्या कवाबी." खानावळीच्या दाराकडं बघत मी म्हटलं, "तात्या, मी घरला येत न्हाय. मी हितंच ऱ्हाणार."